कोची: मट्टानचेरीला अख्खा दिवस द्या, आणि तो शुक्रवार नको

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या केरळ सहलीच्या बहुतेक आखण्यांत कोचीच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. विमानातून उतरायचं, चिनी जाळ्यांपुढे फोटो काढायचे, एक चर्च, एक मसाल्याचं दुकान, की गाडी मुन्नारच्या वाटेला. त्या अर्ध्या दिवसात बघितला जातो तो फोर्ट कोचीचा किनारा, आणि तो कोचीतला सगळ्यांत किरकोळ भाग आहे. या शहराचा खरा ऐवज दोन-अडीच किलोमीटर आत, मट्टानचेरीत आहे. कोचीला दोन पूर्ण दिवस द्या आणि त्यातला एक नुसत्या मट्टानचेरीला.

आधी भूगोल, कारण पहिला घोळ इथेच होतो. एर्नाकुलम मुख्य भूमीवर आहे: रेल्वे स्टेशनं, मेट्रो, मॉल, कचेऱ्या सगळं तिथं. पश्चिमेला खाडीपलीकडे फोर्ट कोची आणि मट्टानचेरी, मधे विलिंग्डन बेट, उत्तरेला वायपिन. नकाशावर एर्नाकुलमचं हॉटेल फोर्ट कोचीच्या समोरच दिसतं, पण रस्त्याने जायचं तर पूल ओलांडत मोठा वळसा पडतो आणि संध्याकाळच्या गर्दीत तासभर सहज जातो. बघायचं आहे ते पश्चिमेला, तेव्हा मुक्कामही फोर्ट कोचीतच करावा. तिथे घरगुती होमस्टे भरपूर आहेत.

दुसरा घोळ नावाचा. फोर्ट कोचीत किल्ला नाही. पोर्तुगिजांनी बांधलेला इमॅन्युएल किल्ला डचांनी लहान केला आणि इंग्रजांनी पाडून टाकला. किनाऱ्यालगत त्याचे थोडे अवशेष आहेत, बाकी काही नाही. सिंधुदुर्ग-विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाने तटबंदी शोधत हिंडू नये.

हे बंदर मुळात कसं झालं, तेही ठाऊक असावं. प्राचीन काळी इथला व्यापार उत्तरेला, कोडुंगल्लूरजवळच्या मुझिरिस बंदरातून चाले. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिसचं मुख गाळाने भरलं आणि कोचीपाशी समुद्राला मोकळी वाट मिळाली, असं मानलं जातं. व्यापारी त्या वाटेने इकडे सरकले. पुढे १५०० मध्ये पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डचांनी त्यांना हुसकावलं, १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांना. विलिंग्डन बेट तर विसाव्या शतकातलं, रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने खाडी खोल करताना निघालेल्या गाळावर उभं केलेलं. पोर्तुगीज, डच, इंग्रज ही तीन नावं क्रमाने लक्षात ठेवली की पुढची प्रत्येक इमारत आपोआप उलगडते, कारण इथल्या बहुतेक जुन्या वास्तूंना या तिघांपैकी कुणाचे ना कुणाचे हात लागलेले आहेत.

कोकणातून यायचं तर नेत्रावती एक्स्प्रेस सोयीची. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटते, कोकण रेल्वेने येते आणि एर्नाकुलम जंक्शनला थांबते. एर्नाकुलममध्ये दोन मोठी स्टेशनं आहेत: जंक्शन म्हणजे साऊथ, टाऊन म्हणजे नॉर्थ. तिकिटावर कोणतं आहे ते बघूनच रिक्षा ठरवा. स्टेशनवरून फोर्ट कोचीला टॅक्सीने जाण्यापेक्षा एर्नाकुलमच्या बोट जेट्टीवर या आणि सरकारी फेरी बोट घ्या. तिकीट अगदी किरकोळ, वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास, वाटेत विलिंग्डन बेट आणि गोदीतली जहाजं दिसतात. वॉटर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली. वातानुकूलित बोट, हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोचीला जाते. सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर तिथे लांब रांग लागते, सकाळी नऊच्या आत गेलात तर लगेच जागा मिळते.

आता वार. मट्टानचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो. ज्यूंचं प्रार्थनास्थळ, परदेसी सिनेगॉग, शनिवारी बंद, आणि शुक्रवारीही भरवसा नाही, कारण शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो. ज्यूंच्या सणांनाही ते बंद असतं. शुक्रवार-शनिवार-रविवार अशी जोडून सुट्टी घेऊन जाणाऱ्यांची नेमकी इथेच पंचाईत होते. शनिवार-रविवारच जमणार असेल तर शनिवारी फोर्ट कोची आणि रविवारी मट्टानचेरी. सिनेगॉग साधारण दहा ते एक आणि तीन ते पाच उघडं असतं, राजवाडा नऊ ते पाच. निघण्याआधी एकदा खात्री करून घ्यावी.

फोर्ट कोचीच्या दिवसाची सुरुवात सकाळी लवकर चिनी जाळ्यांपाशी करा. मल्याळममध्ये यांना चीनवला म्हणतात. साग आणि बांबूच्या सांगाड्याला चार वाकवलेल्या काठ्यांवर ताणलेलं भलंमोठं जाळं, आणि मागच्या बाजूला दोरखंडांना लटकवलेले दगड. हे दगड एकाच लांबीच्या दोरांवर नसतात, आणि सगळी युक्ती त्यातच आहे. जाळं पाण्यात उतरवायला एक माणूस पुढच्या वाशावर चालत गेला तरी पुरतं. वर ओढताना चार-सहा जण मागून दोर खेचतात. जाळं जसजसं वर येतं तसतसे दगड एकेक करून खाली टेकतात, म्हणजे वजन लागेल तेवढंच उरतं आणि जाळं हिसका न बसता वर येतं. जाळं पाण्यात राहतं जेमतेम काही मिनिटं. ते ठरावीक खोलीपर्यंतच उतरतं, त्यामुळे सगळा खेळ भरती-ओहोटीवर. ओहोटीला जाळी नुसती उभी असतात आणि लोक म्हणतात, ‘शोभेची आहेत.’ भरतीची वेळ बघून जा, चालू दिसतील. ती थेट चिनी व्यापाऱ्यांनी आणली असं सांगितलं जातं. जाळ्याच्या काही भागांची नावं पोर्तुगीज असल्यामुळे ती मकावहून पोर्तुगिजांनी आणली, असाही एक तर्क आहे. दोर ओढायला बोलावलं तर आनंदाने जा, पण शेवटी पैसे द्यायचे असतात हे धरून चाला आणि आकडा आधी बोलून घ्या. लाकूड महाग झालंय, खाडीत गाळ साचतोय, पावसाळ्यानंतर जलपर्णीचे लोंढे जाळ्यांत अडकतात. या कोळ्यांना तो पैसा खरंच उपयोगी पडतो.

जाळ्यांमागच्या टपऱ्यांवर मासळी विकत घेऊन शेजारच्या खानावळीत शिजवून मिळते. नावं माहीत असली की भाव करणं सोपं: अयला म्हणजे बांगडा, मत्ती म्हणजे तारली, आवोली म्हणजे पापलेट, नेय्मीन म्हणजे सुरमई, चेम्मीन म्हणजे कोळंबी. करीमीन हा इथल्या खाडीतला चपटा, काटेरी मासा, केळीच्या पानात भाजून देतात. तोच घ्या, बाकीचं आपल्याकडे मिळतंच. कल्ला उचलून लाल आहे का बघायचं, वजन डोळ्यांसमोर करायचं, आणि शिजवणावळ वेगळी लागते ती आधी विचारायची. टपरीवरची सगळी मासळी या जाळ्यांतलीच असते असं नाही, बरीचशी ट्रॉलरची असते.

किनाऱ्यावर पोहू नका. बंदराचं तोंड आहे, प्रवाह जोरदार असतो. पोहायचंच असेल तर वायपिन बेटाच्या उत्तरेला चेराई.

तिथून चालत सेंट फ्रान्सिस चर्च. भारतात युरोपीयांनी बांधलेलं हे पहिलं चर्च: १५०३ मध्ये लाकडी, १५१६ पर्यंत चुन्या-दगडाचं. आधी पोर्तुगीज कॅथलिक, मग डच प्रोटेस्टंट, मग इंग्रजांचं अँग्लिकन. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला आणि त्याला इथेच पुरलं. चौदा वर्षांनी अस्थी पोर्तुगालला नेल्या. जमिनीत कठडा घातलेली शिळा दिसते ती त्या मूळ जागेची. लोक तिचा फोटो काढून बाहेर पडतात, आणि बघण्यासारखं राहून जातं ते भिंतीवर. जमिनीतल्या जुन्या थडग्यांच्या शिळा उचलून भिंतींत बसवल्या आहेत: उत्तरेच्या भिंतीवर पोर्तुगीज, दक्षिणेच्या भिंतीवर डच. वर आडव्या दांड्यांना लटकणारे कापडी पंखे अजून आहेत. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जात आणि पंखेवाले बाहेर बसून ते ओढत. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटक म्हणून आत शिरू नये.

डच दफनभूमी १७२४ ची आहे आणि बहुधा कुलूपबंद असते. आत जायचं असेल तर सेंट फ्रान्सिस चर्चमध्येच विचारा, नाहीतर कठड्यातून दिसतं तेवढ्यावर समाधान. सांताक्रूझ बॅसिलिका मात्र वेळ काढून बघा. जुनं कॅथीड्रल इंग्रजांनी १७९५ मध्ये पाडलं, सध्याचं १९०५ चं. आतलं रंगकाम इटालियन जेझुइट चित्रकार अंतोनिओ मोशेनी यांचं. मंगळुरूच्या सेंट अलॉयशियस चॅपेलची चित्रंही त्यांचीच, त्यामुळे ते पाहिलेल्यांना हात लगेच ओळखू येईल. कोचीच्या या चर्चच्या पवित्रीकरणाचा विधी होण्याच्या काही दिवस आधीच मोशेनी वारले. दुपारचं ऊन खिडक्यांतून आत आल्यावर छताचे रंग नीट दिसतात, तेव्हा चर्चेस दुपारी आणि जाळी सकाळी असा क्रम ठेवा.

संध्याकाळी कथकली. प्रयोग सहाच्या सुमारास असला तरी पाचलाच जाऊन बसा, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोर होते आणि तीच अर्धी कला आहे. हिरवा चेहरा म्हणजे ‘पच्चा’, राम-कृष्ण-अर्जुनासारखी उदात्त पात्रं. गालाच्या कडेने पांढरी झालर लावतात ती ‘चुट्टी’. पूर्वी ती नुसत्या तांदळाच्या पिठीची आणि चुन्याची थरावर थर चढवून करत, आता त्या लेपावर कागद कापून बसवतात. डोळे लाल दिसावेत म्हणून वांग्याच्या कुळातल्या चुंडा या झाडाच्या फुलातला बारीक दाणा पापणीखाली ठेवतात. तास-दीड तासाचा प्रयोग पर्यटकांसाठी छाटलेला असतो हे खरं, देवळातला प्रयोग रात्रभर चालतो. पण सुरुवातीला मुद्रा समजावून सांगतात, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला तेच हवं असतं.

मट्टानचेरीला दुसऱ्या दिवशी रिक्षाने जाऊ नका. कालवती भागातून बाजार रोड धरा आणि चालत जा. एका बाजूला खाडी, दोन्ही बाजूंना गोदामं: तांदूळ, चहा, सुंठ, मिरी. दारं उघडी असतात तिथून वास रस्त्यावर येतो. दुपारी बारापर्यंत माल चढवणं-उतरवणं चालू असतं, रविवारी मात्र हा रस्ता झोपलेला असतो. म्हणून माझं मत: जमलं तर मट्टानचेरी सोमवार ते गुरुवारात.

राजवाडा बाहेरून अगदीच साधा, पांढऱ्या भिंती आणि उतरती कौलं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधून कोचीच्या राजाला भेट दिला, डचांनी १६६३ नंतर दुरुस्त केला, म्हणून नाव ‘डच पॅलेस’. पोर्तुगीज आणि डच दोघांचे हात लागले तरी आराखडा केरळी नालुकेट्टू, म्हणजे चौसोपी वाड्याचा, आणि चौकात राजघराण्याच्या कुलदेवतेचं, पळयन्नूर भगवतीचं देऊळ. वरच्या मजल्यावर राजाच्या शयनगृहात, पळ्ळियरेत, भिंतभर रामायण आहे. दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून राम अयोध्येला परततो तिथपर्यंत. ही चित्रं चौकटी पाडून काढलेली नाहीत, एक प्रसंग दुसऱ्यात मिसळतो. त्यामुळे घाईत बघणाऱ्याला नुसता लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचा दाट गालिचा दिसतो. एक आकृती पकडा, तिचा मुकुट आणि रंग लक्षात ठेवा आणि तीच पुढे कुठे येते ते शोधा. विष्णूची रूपं हिरवी, मग राम सापडतो, आणि त्याच्यामागे गोष्ट. खालच्या मजल्यावरच्या खोल्यांत शिव-मोहिनी, गोवर्धन उचलणारा कृष्ण आणि गोपी आहेत. खाली जाणारा जिना अरुंद असल्याने बरेच जण तो चुकवतात. तो चुकवू नका.

पायाखालीही बघा. काळी गुळगुळीत जमीन संगमरवराची वाटते, ती तशी नाही. जाळलेल्या करवंट्या, कोळसा, चुना, वनस्पतींचे रस आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून ती केलेली आहे. भित्तिचित्रांचे फोटो काढू देत नाहीत. आत प्रकाशही मुद्दाम मंद ठेवलेला असतो, डोळे सरावायला पाच मिनिटं द्यावी लागतात.

राजवाड्याच्या देवळाला आणि सिनेगॉगला सामाईक भिंत आहे, राजाने ज्यूंना आपल्या अगदी शेजारी जागा दिली होती. परदेसी सिनेगॉग १५६८ चं. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० चा, इझिकेल रहाबी या ज्यू व्यापाऱ्याने बांधलेला. त्याच्या तबकड्यांवर वेगवेगळ्या लिपींतले आकडे आहेत, हिब्रू आणि रोमन दोन्ही शोधा. आत चपला काढून जायचं, आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांचे कपडे किंवा अर्धी चड्डी असली की दारातूनच परतावं लागतं. जमिनीवर चीनमधल्या कँटनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरशा. दोन फरशा तंतोतंत सारख्या नाहीत असं सांगतात. गुडघे टेकून शेजारशेजारच्या दोन ताडून बघा: झाडाची फांदी, पुलाची कमान, होडी, प्रत्येक ठिकाणी कुंचला थोडा वेगळा वळलेला दिसतो. मधे पितळी कठड्याचं व्यासपीठ आहे, आणि वर गॅलरीत दुसरं. हे वरचं दुसरं व्यासपीठ केरळच्या सिनेगॉगचं खास वैशिष्ट्य.

मराठी माणसाला इथे एक नातंही आहे. अलिबाग-रेवदंड्याचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. धर्माचे बरेच विधी आणि हिब्रू प्रार्थना विसरलेल्या या लोकांना पुढे त्या शिकवल्या त्यात कोचीहून कोकणात गेलेल्या ज्यू शिक्षकांचा मोठा वाटा होता. १९४८ नंतर कोचीचे बहुतेक ज्यू इस्रायलला गेले. सिनेगॉगच्या गल्लीत आता त्यांची घरं आहेत आणि दुकानं इतरांची.

या गल्लीत मसाला घ्यायचा असेल तर शोभेच्या टोपल्यांतला उघडा माल घेऊ नका, दमट हवेत त्याचा वास उडालेला असतो. मिरीचे दाणे पाण्यात टाकले तर भरीव तळाला जातात, पोकळ दाणे आणि पपईच्या बिया वर तरंगतात. वेलदोडा ओल्या बोटाने चोळा, हिरवा रंग बोटाला लागला तर परत ठेवा. इथली सुंठ पूर्वापार नावाजलेली आहे, ती जरूर घ्या. केशर, खसखस इथली नव्हे. कुडमपुळी मात्र साध्या किराणा दुकानातून आणा: आपल्या कोकमाच्याच कुळातली, धुरावर वाळवून काळी केलेली. अर्धा किलो मासळीला दोन-तीन पाकळ्या, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, पाण्यासकट. जास्त घातली तर रस्सा कडवट होतो.

संध्याकाळी चेरलाई, मट्टानचेरीतलीच एक वस्ती. पर्यटक इथे फारसे येत नाहीत, पण गोव्या-कोकणातून येणाऱ्याने हे टाळणं म्हणजे नातेवाइकाच्या दारावरून न बोलता जाणं. पोर्तुगिजांच्या जाचाने गोवा सोडलेले गौड सारस्वत इथे वसले. घरांत अजून कोंकणी ऐकू येते. त्यांचं तिरुमला देवस्वम, वेंकटाचलपतीचं देऊळ, या वस्तीचं केंद्र. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजाशी बिनसल्यावर मूर्ती अलप्पुळ्याला नेली गेली आणि १८५३ मध्ये परत आणली. आत जाताना पुरुषांनी सदरा काढायचा. दुपारी देऊळ बंद असतं, त्यामुळे सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर.

याच कोचीत डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ दरम्यान तो ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यासोबत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी त्याला माहिती पुरवली. त्यांचं साक्षीपत्र पहिल्या खंडात कोंकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापलेलं आहे. छापील नागरीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी ते एक. मूळ पानाची चित्रं इंटरनेटवर मिळतात. चेरलाईला जाण्याआधी एकदा वाचून जा, आपल्याला ती अक्षरं लावता येतात.

तिसरा दिवस हाताशी असेल तर त्रिपुणितुराचा हिल पॅलेस, कोची राजघराण्याचा १८६५ चा वाडा. मेट्रो आता त्रिपुणितुरापर्यंत जाते, पुढे रिक्षा. सोमवारी बंद. बिएनाले, म्हणजे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, डिसेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते, साधारण वर्षाआड. ती असेल तर अ‍ॅस्पिनवॉल हाउससारख्या एरवी बंद असलेल्या गोदाम-बंगल्यांत शिरता येतं आणि पहिल्या दिवसातले तीन तास त्यात जातात, तसं वेळापत्रक मोकळं ठेवा. ३१ डिसेंबरला मात्र फोर्ट कोचीत जाण्याआधी दोनदा विचार करा. मध्यरात्री पाप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचा, पुतळा जाळतात, त्याला प्रचंड गर्दी लोटते, रस्ते बंद होतात आणि परतीच्या बोटीला तासन् तास रांग लागते. ते बघायचंच असेल तर मुक्काम चालत जाता येईल अशा अंतरावर हवा आणि खोली दोन-तीन महिने आधी ठरवलेली हवी.